बर्फाच्या कारखान्यातले रविवार

३ मार्च, रविवार

झोप येत नाहीये. दुपार झाली. पडदे ओढलेत, तरी ऊन कडेकडेने आत येतंय. कानात अजून ठोका आहे — धप्, धप्, धप्. उशीवर कान टेकला की उशीतून येतो.

आज जमलं होतं. पहाटे रात्रपाळी सुटली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून बाहेर पडले तेव्हा अंगाला वाफेचा वास, हात गरम चादरींनी लाल. फाटकाबाहेर आमचा भोंगा टेम्पो घेऊन उभा. मागे त्याचे स्पीकर, आणि स्पीकरवर बारकी, पाय हलवत. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तिच्या केसांना कायम साखरेचा वास येतो. वेल्डर पुढच्या सीटवर झोपलेला, डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल वण. आम्ही चौघे शाळेपासूनचे. मला ‘इस्त्री’ म्हणतात — ते मात्र कामाला लागल्यापासून.

मग बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, आतला आवाज आतच राहतो. छताचे पत्रे उडालेत तिथून सकाळ खाली उतरते. आधी निळी, मग राखाडी, मग एकदम पिवळी. लोक येत जातात — पहारेकरी, नर्सा, बेकरीतले भट्टीवाले, बस धुणारे. रात्र कामात गेलेली सगळी माणसं. बाकीचं जग लोळत असतं तेव्हा आम्ही आमची शनिवारची रात्र वसूल करून घेतो.

गाणी मी लावते. गाणी तरी कसली, शब्द नसतातच त्यांना. नुसता ठोका, आणि त्याच्यावर काहीतरी तरंगत राहतं. एक रेकॉर्ड संपत आली की दुसरीचा ठोका तिच्या ठोक्यावर असा बसवायचा की कुणाला सांधा दिसू नये. चादरीची घडी घालताना कडेवर कड बसवतात, अगदी तसं. कुणीकुणी खिशात गोळी घेऊन येतात. मी नाही घेत. मला पाळीचा थकवाच पुरतो — दोन्ही पाय आपले नाहीतसे वाटतात आणि तरीही चालत असतात.

घरी आले तेव्हा आई डोळे मिटून पडली होती. झोपेचं सोंग. सुईत दोरा तसाच लोंबत होता.


५ मार्च, मंगळवार

इस्त्रीच्या रोलरवर चादर सोडताना लक्ष नव्हतं. बोट भाजलं.


१० मार्च, रविवार

आज कारखान्यात एक बाई आल्या. पायात चांगले बूट, आणि भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. भोंग्याला वाटलं पोलिसांच्या. तो सरळ जाऊन म्हणाला, ‘बाई, नाचायचं नसेल तर निदान बसा तरी.’ बसल्या! बर्फाच्या रिकाम्या साच्यावर.

टीव्हीवर मालिका लिहितात म्हणे. आमच्यासारख्या पोरापोरींवर — काम करणारी, पाळी सुटल्यावर नाचणारी. वेल्डर म्हणाला, आमच्यावर काय मालिका, आम्ही तर झोपतच असतो. बाई हसल्या. मला म्हणाल्या, तुमच्याशी बोलायचंय. मला कधी कुणी ‘तुम्ही’ म्हटलेलं आठवत नाही. धुलाईखान्यातल्या नोटिशीत सोडून.


१७ मार्च, रविवार

सांगू का नको. लिहिते तरी.

भोंग्याचा एक दोस्त मोठ्या शहरात आहे. पुलाखाली त्याचा हॉल आहे, दर आठवड्याला नाच असतो. भोंग्याने माझी एक सकाळ टेप करून त्याला पाठवली होती, मला न विचारता. त्याने ती ऐकली आणि म्हणाला, ही पोरगी पाहिजे. भोंग्याचे स्पीकर, मी लावणार गाणी. कायमचं काम. राहायला हॉलवरची खोली.

टेम्पोत ऐकलं. बारकी ओरडलीच. वेल्डरने नुसता माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मी नाही म्हटलं.

आईला कोण आहे? बाबा गेल्यापासून दोघीच आहोत. तिचे गुडघे सुजतात, जिना उतरायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. दिवसभर खिडकीशी बसून लोकांच्या पडद्यांना काठ शिवते. मी पाळीवर असले की एकटी जेवते, जेवते का तेही माहीत नाही. तिला टाकून पुलाखाली गाणी लावायला जाऊ?

भोंगा म्हणाला, ‘इस्त्रे, आईला विचारलंस का?’

विचारायचं काय त्यात. विचारलं तर ती ‘जा’ म्हणणार, आणि मग मला कायम त्या ‘जा’चा आवाज ऐकू येत राहणार.


१८ मार्च, सोमवार

आई म्हणाली, गप्प का? म्हटलं, बोट दुखतंय. ती म्हणाली, बोट तुझं पंधरवड्यापूर्वी भाजलं. काहीतरी नवीन सांग.


२४ मार्च, रविवार

लेखिकाबाई आज धुलाईखान्यात आल्या होत्या, साहेबांची परवानगी काढून. रोलरच्या एका टोकाला आम्ही दोघी ओली चादर सोडतो, दुसऱ्या टोकाला दोघी कोरडी धरतात. खूप वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, हाही नाचच आहे. मी म्हटलं, बाई, एकदा करून बघा, मग सांगा. केलं बिचाऱ्यांनी. चादर तिरकी गेली आणि यंत्र बंद करावं लागलं. सगळ्याजणी हसल्या, त्याही हसल्या.

मग मागच्या पायरीवर बसलो. वाफेच्या नळीतून पांढरं धुकं येत होतं आणि आमच्या पायांवरून वाहत होतं. त्यात बसून मी काय काय बोलले! आईचं, बाबांचं, पुलाखालच्या हॉलचं. नाही म्हटल्याचं. धुकं असलं की बोलवतं. समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही ना.

त्यांनी विचारलं, राहिल्याचं वाईट वाटतं? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, रोज नाही.


१४ एप्रिल, रविवार

मालिकेत धुलाईखान्यातली एक मुलगी आहे. तिला आई आहे, मोठ्या शहराचं बोलावणं आहे. म्हणजे मीच. बाईंनी आधी विचारलं होतं, चालेल ना? मी हो म्हटलं होतं. चालण्यासारखं वाटलं होतं.

पण ते काम करणार बारकी!

त्यांना खरीखुरी कामगार पोरगी हवी होती, नटी नको. आम्हा सगळ्यांना उभं करून वाचायला लावलं. मी दगड. तोंडातून शब्द निघेना, आणि शब्द तर माझेच होते. बारकीने वाचलं आणि पुढे कुणाला वाचायलाच लावलं नाही. केवढीशी ती, भाकरीच्या तुकड्याएवढी, पण कॅमेऱ्यात मोठी दिसते म्हणतात.

परत येताना ती टेम्पोत रडली. रागावलीस का, रागावलीस का, एकच धोशा. मी म्हटलं, अगं, माझं आयुष्य एवढं छान कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

खरंच रागावले नाही. फक्त रात्री आरशात बघताना वाटलं, ही आता उसनी दिलीय.


२८ एप्रिल, रविवार

बारकी रोज दुपारी घरी येते. मला शिकायला. मी केस कसे बांधते, चप्पल कशी काढते — एका पायाने दुसऱ्या पायाची, म्हणे! मला कुठे माहीत होतं. आता चप्पल काढताना अडखळायला होतं.

मी झोपते आणि ती आईजवळ बसते. अर्धवट झोपेत दोघींचे आवाज येतात. शिवणाचं मशीन मध्ये मध्ये थांबतं. आई बोलतेय — इतकी सलग बोलते ती? शब्द कळत नाहीत, नुसती लय येते. पाण्याखालून ऐकल्यासारखी. एकदा आई हसली. बाबा असताना हसायची तशी. मला उठून बसायचं होतं, पण झोप पायाला धरून ओढत होती.

उठले तेव्हा बारकी गेली होती. आईला विचारलं, काय बोलत होतात? म्हणाली, ‘तिला आई पाहिजे होती मालिकेसाठी. दिली थोडी.’


१२ मे, रविवार

आजचं नीट लिहून ठेवायचंय. कुठून सुरू करू?

कारखान्यातच शूटिंग. सकाळचीच वेळ हवी होती त्यांना, छतातून ऊन उतरतं तेव्हाची. गर्दी म्हणून आम्हालाच घेतलं — नर्सा, पहारेकरी, सगळे. वेल्डरने नवीन शर्ट घातला होता. त्याला सांगितलं, रोजचा घालून या. खट्टू झाला.

मला माहीत नव्हतं की सिनेमावाले नाचतात ते गाण्याशिवाय! आधी थोडा वेळ ठोका वाजवतात, सगळ्यांच्या अंगात बसला की बंद करतात. कारण मधोमध दोघं बोलत असतात आणि त्यांचं बोलणं टिपायचं असतं. आणि तुम्ही नाचत राहायचं. चपलासुद्धा काढायला लावल्या, आवाज नको म्हणून.

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा ठोका गेला की पाच-दहा पावलांत गर्दी विस्कटायची. कुणी पुढे, कुणी मागे. दिग्दर्शक वैतागला. लेखिकाबाईंनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने मला कॅमेऱ्याच्या मागे एका खोक्यावर उभं केलं. म्हणाला, तुम्ही हाताने ठोका धरा. सगळे तुमच्याकडे बघतील.

ठोका सुरू झाला. बंद झाला. मी हात खाली-वर करत राहिले. धुलाईखान्यात चादर झटकतो तसा. आणि ते सगळे —

काय सांगू. एवढी माणसं आणि आवाज नाही. अनवाणी पायांची नुसती सळसळ, कपड्यांची, श्वासांची. जणू कारखानाच झोपेत कूस बदलतोय. ऊन उतरलं, धूळ सोन्यासारखी वर गेली. भोंगा डोळे मिटून नाचत होता, वेल्डर तोंड उघडं टाकून. सगळे माझ्या हातात होते. मला वाटलं हात थांबवला तर सगळे खाली पडतील. इतकं हलकं मला कधीच वाटलं नाही आणि इतकं जड पण नाही.

मधोमध बारकी, माझा एप्रन घालून, माझ्यासारखे केस बांधून. समोर भोंग्याचं काम करणारा नट. तिने म्हणायचं होतं — मी नाही येणार, मी आईसाठी राहतेय.

तिथे ती अडली. पुन्हा घेतलं. पुन्हा अडली. बाकी सगळं घडाघडा, त्या वाक्याला मात्र जीभ वळेना. दिग्दर्शक चिडला नाही, उलट म्हणाला की असंच हवं, अडखळतच म्हणा. मग झालं.

चहाच्या वेळी तिला विचारलं, काय झालं गं? माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘ते वाक्य मला खोटं वाटतं.’

मला ते लागलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक वाक्य मला पक्कं खरं वाटत होतं.


१३ मे, सोमवार

हात दुखतोय. छान दुखतोय.


२ जून, रविवार

भोंगा गेला. टेम्पोत स्पीकर बांधले, वर ताडपत्री. आम्ही तिघं फाटकाशी उभे. म्हणाला, मी जाऊन बघतो, दुसरी कुणी मिळेपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. मग म्हणाला, दुसरी कुणी मी शोधणार नाहीये.

वेल्डरने टेम्पोचा हलणारा बंपर वेल्ड करून दिला होता. तोच त्याचा निरोप. बोलायला सांगितलं असतं तर मेला असता.


७ जुलै, रविवार

कारखान्यात गेले होते एकटीच. मालकांनी नवीन कुलूप लावलंय. भिंतीला कान लावून बसले थोडा वेळ. गार होती.


८ सप्टेंबर, रविवार

पहिला भाग! आमच्या खोलीतच बघितला. बारकी, वेल्डर, आई आणि मी, एका पलंगावर. बारकीने सगळा वेळ उशी तोंडावर धरलेली.

टीव्हीत आमची गल्ली वेगळीच दिसते. ओलसर, निळी, जणू कुणाच्या तरी आठवणीतली. धुलाईखान्याची वाफ आली आणि मला इथे बसून तिचा वास आला. कारखाना आला तेव्हा आई पुढे सरकली. तिने तो कधी बघितलाच नव्हता. म्हणाली, ‘छताला भोक आहे वाटतं. ऊन किती छान पडतं गं.’

मी तिला सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं तिथे ऊन कसं पडतं ते. तिला वाटायचं अंधारात काहीतरी चालतं.


२२ सप्टेंबर, रविवार

धुलाईखान्यात सगळ्या मला मालिकेतल्या नावाने हाक मारतात. बारकीला तिच्या कारखान्यात पण. एका नावाच्या दोघी. दुसऱ्या एका मालिकेतून तिला बोलावणं आलंय. जाईल ती. जावंच.

आई आता रविवारी दुपारी झोपेचं सोंग घेत नाही. विचारते, आज काय होईल गं त्या पोरीचं? मी म्हणते, मला काय माहीत. ती म्हणते, तुला नाही तर कुणाला माहीत?


१३ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा भाग. आज आई आणि मी दोघीच. बारकी मुद्दाम आली नाही असं वाटलं.

तो नाच आला. गाणं त्यांनी नंतर घातलंय. पण मला ते ऐकू येत नव्हतं, मला ती सळसळच ऐकू येत होती. मी कुठेच नाही त्यात. सगळे एका दिशेला बघतात, उजेडाकडे बघितल्यासारखे — तिथे मी होते. आईला सांगितलं. ती म्हणाली, दिसतंय की.

मग बारकी अडखळत म्हणाली, मी आईसाठी राहतेय. टेम्पो गेला. मुलगी घरी आली, एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली, आईच्या पायाशी बसली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. संपलं.

मला रडू आलं. वळून बघितलं तर आईचे डोळे कोरडे. उठली, गुडघ्यावर हात ठेवून, टीव्ही बंद केला. काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो.

म्हणाली, ‘मी कधी म्हटलं होतं, राहा म्हणून?’

आणि जाऊन झोपली. खरंच झोपली का माहीत नाही.


१४ ऑक्टोबर, सोमवार

बारकीला गाठलं, बिस्किटांच्या फाटकावर. विचारलं, आई तुझ्याशी काय बोलली होती? ती म्हणाली, ते मी नाही सांगणार, ते मला कामासाठी दिलं होतं. खूप मागे लागले तेव्हा एवढंच बोलली — ‘तू तिला कधी काही विचारतच नाहीस. नुसती जपतेस.’

दिवसभर चादरी वाकड्या गेल्या.


१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आईला विचारायचं, तुला काय हवंय. चहा झाल्यावर. — नाही झालं.


१९ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं.


२७ ऑक्टोबर, रविवार

आई गेली. मावशीकडे, समुद्राकाठच्या गावात. तिची धाकटी बहीण, एकटी असते. खालच्या मजल्यावरचं घर, जिना नाही, दारात बाक. चार वर्षं बोलावतेय म्हणे. आई दर वेळी नाही म्हणायची. का, तर — ‘तुझं इथे कोण होतं माझ्याशिवाय? पाळीवरून येऊन उपाशी झोपली असतीस.’

म्हणजे आम्ही एकमेकींसाठी थांबलो होतो. एकाच खोलीत.

शिवणाचं मशीन वेल्डरने बसच्या टपावर बांधून दिलं. भोंग्याला अजून कळवलं नाही. कळवेन. आधी जरा ही खोली ऐकते.

आईला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी, आता रडेल, मग रडेल म्हणून काचेकडे बघत. बस सुटलीसुद्धा नव्हती, आणि ती शेजारच्या बाईशी बोलायला लागली होती. हातवारे करत, हसत.